दोन फडकी, घरी शिवलेली

जपानहून परत आल्याला दोन महिने झाले. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही कुणी जिन्यात भेटलं की विचारतं, बुलेट ट्रेन कशी होती? बुलेट ट्रेनमध्ये आम्ही एकदाच बसलो, आणि त्यातला निम्मा वेळ मी लेकीचा हरवलेला मोजा शोधत सीटखाली वाकले होते. चेरीची फुलं पाहिली. सुंदर असतात, फोटोत दिसतात तशीच. पण दहा महिने एखाद्या गावात चूल मांडून राहिलेल्या बाईला फुलं किती आठवणार? मला आठवतात ते बूट, कचऱ्याच्या पिशव्या आणि एक फडकं. खरं सांगायचं तर मला जपान कळलं नाही. जायच्या आधी बरंच कळलं होतं, तिथे गेल्यावर ते हळूहळू कमी होत गेलं.

प्रशांत, म्हणजे माझा नवरा, अंबडच्या एका कारखान्यात साचे तपासतो. नवीन साच्याचं काम शिकायला त्याला दहा महिने तिकडे पाठवायचं ठरलं आणि बायको-मुलांना नेलं तरी चालेल असंही कळलं. मी घरी शिकवण्या घेते. त्या बंद केल्या, आठ वर्षांच्या जुईचं नाव शाळेतून काढलं आणि मार्चअखेर आम्ही निघालो. निघताना माझ्या आईने जुईच्या हातात एक पुडकं दिलं. त्यात डब्याबरोबर न्यायचे दोन रुमाल होते. जाड पांढरं कापड, चारी कडांना बारीक टाके आणि कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेला मोर. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारणीकडून ओवून घेत तिने महिनाभर बसून ते भरले होते.

आईबद्दल इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. माझी आई नाशिकमधल्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत मावशी होती. वर्ग झाडायचे, फरश्या पुसायच्या, पिंपात पाणी भरायचं, पोराला उलटी झाली की ती उचलायची. मीही त्याच शाळेत शिकले. रात्री हाताला तेल लावताना ती एकच वाक्य म्हणायची, "हे फडकं माझ्याबरोबर संपलं पायजे." मी शिकले, पदवी घेतली, तेव्हा तिला वाटलं की संपलं.

बुटांचं गाव

आम्ही राहिलो ते गाव नागोयापासून तासाभरावर. ओझरच्या पुढे गेलं की द्राक्षबागा आणि गोदामं कशी एकमेकांना चिकटून असतात, तशी तिथे भातखाचरं आणि कारखाने. आमच्या घराच्या खिडकीतून एक चौक दिसायचा. रात्रंदिवस रिकामा. तरी लाल दिवा असला की एखादा म्हातारा तिथे एकटा उभा राहायचा, हिरवा व्हायची वाट बघत. आयुष्यभर नाशिकचा द्वारका चौक हात दाखवत ओलांडलेली मी पहिल्या दिवशी सरळ निघाले. पलीकडच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्ध्यातून परत फिरले, जे जास्त धोक्याचं होतं. पुढे मीही थांबायला लागले. गाडी नाही, माणूस नाही, आणि मी उभी. काय चाललंय माझं, असं दर वेळी वाटायचं.

वाकण्याचंही तसंच. समोरचा वाकला की मी वाकायचे, मी वाकले म्हणून तो पुन्हा वाकायचा. त्यात माझे हात सवयीने जोडले जायचे. कुणी आधी थांबायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारच्या मोरिता आजी पहिल्या आठवड्यात मुळा घेऊन आल्या, तेव्हा आम्ही दोघी दारात सहा-सात वेळा वाकलो असू. मुळा माझ्या मांडीएवढा होता. मी त्याचे पराठे करून दिले, आजींनी ते सुरीकाट्याने खाल्ले.

आणि द्राक्षं! दुकानात एकेक घोस कापसाच्या गादीवर, खोक्यात, दागिना ठेवावा तसा. जुई म्हणाली, आई, ही तर पिंपळगावची दिसतात. मी किंमत वाचली आणि तिला हात मागे घ्यायला सांगितलं. नाशिकच्या माणसाने द्राक्षाला घाबरावं, हा प्रसंग माझ्यावर तिथे आला.

पण खरी दमछाक शाळेची होती. जुईला तिसरीत घेतलं. आधी कळलं की बाहेरचे बूट वेगळे, आतले वेगळे, व्यायामाच्या हॉलचे वेगळे, आणि संडासात सपाता आणखी वेगळ्या. मग हातात आली सामानाची यादी. ती मी फोनने वाचायची. कॅमेरा कागदावर धरला की अक्षरांच्या जागी मराठी उमटायचं, थरथरत. भूकंपाची टोपी, असं त्यात होतं. मला वाटलं फोन बिघडला. पण खरंच तशी जाड टोपी असते, एरवी तिच्यावर बसायचं आणि जमीन हलली की डोक्यावर घ्यायची. त्याच्या खाली होतं: पुसण्याची दोन कापडं, घरी शिवलेली, कोपऱ्यात नाव.

पुसण्याची म्हणजे हात-तोंड पुसायची, यात मला शंका आली नाही. शाळेच्या जेवणात माशाचं पाणी असतं म्हणून जुईला घरचा डबा न्यायची परवानगी होती. डबा आहे तिथे रुमाल हवाच. शिवाय 'घरी शिवलेली' हे वाचून मला भरून आलं. मी मोराच्या खाली पेनाने जुईचं नाव लिहिलं, दोन्ही रुमाल दप्तरात घातले आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं की इथे घरी शिवलेलेच रुमाल चालतात. आई इतकी खूश झाली की तिने शेजारणीलाही फोनसमोर आणून ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

जपानमध्ये मुलं स्वतः शाळा साफ करतात, हा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मीही तो बिल्डिंगच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हासकट पाठवला होता. तेव्हा यादी वाचताना मला कळायला हवं होतं, असं आता वाटतं. पण व्हिडिओतली मुलं व्हिडिओतली असतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

जुई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. नाशिकला हिची बडबड थांबावी म्हणून टीचरने तिला तीनदा जागा बदलून दिली होती. इथे शाळेत काय केलंस विचारलं की काही नाही, कोण भेटलं विचारलं की कुणी नाही. तिला भाषा येत नव्हती आणि ती चुकायला लाजत होती. वर्गशिक्षिका ओनोबाई अगदी प्रेमळ. (तिथे शिक्षकांना सेन्सेई म्हणतात, आम्ही घरात ओनोबाईच म्हणायचो.) त्यांनी कळवलं होतं की तीन आठवड्यांत जुई एक शब्दही बोललेली नाही, पण काळजी करू नका. काळजी करू नका असं म्हटलं की जी काळजी लागते, ती मला लागली. हिला आपण उगीच उपटून आणलं का, हाच विचार दिवसभर डोक्यात.

पालकांना आत यायचा दिवस

एप्रिलच्या शेवटी पालकांनी वर्गात मागे उभं राहून तास बघायचा दिवस होता. पावणेदोनची वेळ. उशीर झाला तर काय करतात ते माहीत नसल्याने मी एक वाजताच पोचले. पाऊस भुरभुरत होता. दारातल्या बुटांच्या फडताळापाशी ट्रॅकपँट घातलेला, डोक्याला रुमाल बांधलेला एक वयस्क माणूस खाली बसून फळ्या पुसत होता. माझ्या एका हातात ओली छत्री, दुसऱ्यात पर्स, आणि बूट काढायचे. मी छत्री त्याच्यापुढे धरली. त्याने उठून ती दोन्ही हातांनी घेतली आणि वाकला. मी सपाता घालून वर गेले.

वर कसलंसं संथ संगीत लागलं होतं. जिन्यात, कॉरिडॉरमध्ये सगळीकडे मुलं, डोक्याला फडकी बांधलेली, आणि आवाज एकाचाही नाही. कुणी झाडत होतं, कुणी नळ घासत होतं. जुईच्या वर्गात बाकं एका बाजूला सारलेली. लाकडी जमिनीवर पाच-सहा मुलं रांगेत ओणवी, दोन्ही तळवे फडक्यावर टेकवून, ढुंगण वर करून, जमिनीची आपापली एक पट्टी पुसत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जात होती. खिडकीकडून पहिली जुई होती. तिच्या हाताखाली मोर होता.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग आला, लाज वाटली आणि रडू आलं, सगळं एकदमच. मी पाचवीत असताना आमच्या वर्गात एका मुलाला उलटी झाली होती. बाईंनी मावशीला बोलवा म्हणून सांगितलं. आई आली, माझ्या बाकाशेजारी उकिडवी बसली आणि तिने ते सगळं पुसून घेतलं. मी तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. ती बादली घेऊन गेल्यावर इतर मुलांनी नाकाला लावलेले हात काढले, तेव्हा मीही काढला. ही गोष्ट मी प्रशांतलासुद्धा सांगितलेली नव्हती.

मी आत गेले, जुईच्या हातातला रुमाल घेतला, आणि मग काय करावं ते न सुचल्याने खाली बसून स्वतःच फरशी पुसायला लागले. आपल्याकडे लेकराचं दप्तर आई उचलते, प्रोजेक्ट आई करते, तसं हेही आईने करून टाकावं, इतकाच हिशेब डोक्यात. मुलं जागच्या जागी थांबली. पलीकडे ओनोबाईही गुडघ्यावर होत्या. हातात फडकं तसंच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

जुई माझ्या कानाशी आली आणि दातओठ खात कुजबुजली, "आई, ही माझी पट्टी आहे. उठ ना."

मी उठले नाही. खिडकीपासून दारापर्यंत पट्टी पुरी केली. संगीत थांबलं, मुलांनी बाकं लावली, इतर आया यायला लागल्या. माझे गुडघे ओले. तास संपल्यावर सगळ्या पालकांना हॉलमध्ये नेलं. तिथे कोट-टाय घातलेले मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि मी पाहिलं, तर ज्यांच्या हातात मी छत्री दिली होती तेच. छत्री देताना मी त्यांच्या तोंडाकडे धड पाहिलंच नव्हतं. हातात फडकं दिसलं, पुढचं मला बघावंसं वाटलं नाही. मावशीची मुलगी मी, आणि मीच.

कुंडीला पाणी

करायला गेले गणपती आणि झालं माकड, ते असं. शाळेने माझ्या वागण्याचा अर्थ लावला की या लोकांच्या धर्मात मुलीने फरशी पुसणं बसत नसावं. तसं कुणी बोललं नाही. तिथे कुणीच काही बोलत नाही, म्हणून तर गोंधळ. एक सुंदर अक्षरांतली चिठ्ठी आली, फोनने ती वाचली: तुमच्या रिवाजाचा आम्ही विचार केला नाही, क्षमा असावी, उद्यापासून जुईसाठी वेगळं काम. वेगळं काम म्हणजे सगळे साफसफाई करत असताना तिने गच्चीच्या दारातल्या कुंड्यांना पाणी घालायचं.

प्रशांतला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं की, तुला तेच हवं होतं ना? मला तेच हवं होतं. मग बरं का वाटत नव्हतं, ते मला कळेना.

चौथ्या दिवशी जुईने शाळेत जायला नकार दिला. पाचव्या दिवशी पोट दुखतं म्हणाली. सहाव्या दिवशी बूट घालता घालता दारात बसली आणि ढसाढसा रडली. मी विचारलं, कुणी मारलं का, हसलं का? तिने मान हलवली. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "पुसताना तिथे कुणीच बोलायचं नसतं. नियमच आहे. तेव्हा मी सगळ्यांसारखी असायचे. आता तेव्हापण मी एकटी असते."

मग तिने एकेक सांगितलं. मियु नावाची मुलगी तिच्या शेजारच्या पट्टीवर असायची. दोघी बरोबर सुटायच्या आणि भिंतीला एकाच वेळी हात लावायच्या, न बोलता. मोराचं फडकं मियुला इतकं आवडायचं की पिळायचं काम रोज तीच मागून घ्यायची. तीन आठवडे काही नाही, कुणी नाही म्हणणारी माझी मुलगी ज्या पंधरा मिनिटांसाठी शाळेत जात होती, ती मी काढून घेतली होती.

त्या दिवशी दुपारी मोरिता आजी आल्या. मी गॅलरीत रुमाल वाळत घातला होता. दोनदा उकळून काढला तरी मोर निळा आणि बाकी सगळं राखाडी. आजींनी तो हातात घेतला, टाके बारकाईने पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि घरी गेल्या. तासाने जुन्या टॉवेलची दोन फडकी शिवून घेऊन आल्या. टाके तिरकेतारके, मधून मधून फुली मारलेले. फोन मध्ये धरून त्या म्हणाल्या की फडकं जुन्या कापडाचंच करतात, इतकं चांगलं कापड जमिनीला लावत नाहीत, हे कुणी शिवलं? मी म्हटलं, आईने. आजी फोनकडे न बघता माझ्याकडे बघून वाकल्या. त्या वेळी मी उलट वाकायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. तिथे माझं ताकाला जाऊन भांडं लपवणं सुरू झालं. पाऊस फार आहे, शाळा छान आहे, डब्याची परवानगी दिलीत, उपकार झाले. आजी खुर्चीत चुळबुळायला लागल्या. शेवटी मी फोन तोंडाजवळ धरला. आईचे तेल लावलेले हात डोळ्यांपुढे येत होते. आता जे बोलणार ते तिने ऐकलं तर तिला काय वाटेल?

"माझ्या मुलीला फरशी पुसू द्या," मी म्हटलं.

फोन ते जपानीत बोलला. मुख्याध्यापकांनी मान डोलावली, जणू मी खडू मागितला होता. मग मी छत्रीबद्दल माफी मागितली. मी तुम्हाला शिपाई समजले, असं सांगितलं. फोनने काय सांगितलं देव जाणे, कारण ते म्हणाले की छत्री दारात वाळत ठेवली होती, मिळाली ना? झाडांची आणि दुरुस्तीची कामं करणारे एक काका शाळेत होते, शिपाई म्हटल्यावर त्यांना तेवढे तेच माहीत. आमच्याकडे वर्ग पुसायला वेगळं माणूस असतं, आणि त्याच्याकडे लोक बघत नाहीत, हे त्यांना समजावून सांगता सांगता मी बोलून गेले की माझी आई शाळेत हेच काम करायची.

त्यांचा चेहरा उजळला. तुमच्या आई शिक्षिका होत्या का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग विद्यार्थिनी होत्या तेव्हा? तेव्हाही नाही, ती शाळेत गेलीच नाही, फक्त पुसायची. ते विचारात पडले. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न केला. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. ते म्हणाले, त्या पुसत असताना मुलं काय करत असत?

मी म्हटलं, "खिडकीबाहेर बघत असत."

फोन बोलला. मुख्याध्यापकांनी आपल्या खिडकीबाहेर पाहिलं, मोरिता आजींनीही पाहिलं. बाहेर ओलं मैदान होतं आणि एक झोपाळा. आम्ही तिघंही थोडा वेळ ते बघत बसलो.

सोमवारी जुई आजींची फडकी घेऊन गेली आणि संध्याकाळी येताना गुडघ्यावर खरचटून आली. मियुने वेग वाढवलाय, म्हणाली. महिनाभराने तिचे पहिले शब्द शाळेत ऐकू आले. ओनोबाईंनी मुद्दाम कळवलं. 'पिळ' आणि 'माझी पट्टी'. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत ती दुकानात माझ्या वतीने भांडायला लागली. शरदात मोरिता आजींच्या झाडाची फळं उतरवताना ती त्यांच्याशी जे काही बोलत होती, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी तिथे मोड आलेले मूग बघून मिसळ केली, ओनोबाईंना बोलावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्या छान छान म्हणत राहिल्या. ते खरं होतं की रीत, मला माहीत नाही.

आईशी मात्र मी दहा महिने खोटं बोलले. दर रविवारी ती विचारायची, रुमाल नेते का गं पोरगी? मी म्हणायचे, रोज नेते. दुसरा रुमाल खरंच डब्याबरोबर जात होता. राखाडी झालेला मी बॅगेच्या तळाशी, स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवला होता. टाकवत नव्हता आणि दाखवायची हिंमत नव्हती.

परत

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी आई सातपूरहून भाकरी आणि ठेचा घेऊन आली. मी स्वयंपाकघरात होते तेवढ्यात तिने बॅगा उपसायला घेतल्या. आई लोकांना भरलेली बॅग बघवत नाही. मी बाहेर आले तेव्हा स्वेटर पलंगावर होता आणि रुमाल तिच्या हातात. तिने तो नाकाशी नेला. ज्या बाईने जन्मभर फडकी पिळली, तिला सांगायची गरज नव्हती.

"ह्यो फरशीला वापरला," ती म्हणाली. रागावून नाही, फक्त ओळखून.

मी सगळं सांगितलं. यादी, पट्टी, कुंड्या, छत्रीसुद्धा. उलटीचं तेवढं सोडून. आई ऐकत होती, मोरावरून अंगठा फिरवत. मधेच तिने विचारलं, "मग तिथली मावशी कुठं जाती?" जुई म्हणाली, मावशी नसतेच आजी, सगळे पुसतात, मोठे सरसुद्धा. आईने माझ्याकडे पाहिलं, पोरगी थापा मारतीय का म्हणून. मी नाही म्हणून मान हलवली.

इथल्या शाळेने जुईला लगेच परत घेतलं होतं, पण आदल्या दिवशी, पहिल्याच दिवशी, तिचं तिथे बिनसलं होतं. तिच्या हातून बाटली सांडली, ती पुसायला फडकं शोधू लागली, तर टीचर म्हणाल्या, बस बाळ, मावशी येतील. मावशी येऊन पुसेपर्यंत ती उभी राहिली. बसू की उभी राहू, ते तिला कळेना. ते डोक्यात असणार, म्हणून तिने एकदम विचारलं, "आजी, तू पुसायचीस तेव्हा मुलं काय करायची?"

माझ्या हातातला चहा हिंदकळला. तोच प्रश्न, तितकाच साधा.

"काय करत्याल? लिहायची, वाचायची." आईने रुमालाची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी आई खिडकीतनं बाहेर बघायची."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ते फक्त मला माहीत आहे. मी म्हटलं, "आई, तुला दिसलं होतं?"

"दिसनार नाय का? मला लय बरं वाटलं व्हतं. म्हनलं, फडकं बघितलं तर तेच शिकंल."

तिला खरंच बरं वाटलं होतं, की माझं मन राखायला ती तसं म्हणाली, मला कळलेलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. चहा जमिनीवर सांडला होताच. जुईने आजीच्या हातातून तो राखाडी रुमाल घेतला, मोरीत ओला करून पिळला, खोलीच्या एका टोकाला ओणवी झाली आणि दोन्ही तळवे टेकवून धावत सुटली. पलंगापाशी येऊन थांबली.

"आजी, पाय वर घे."

आईने पाय वर घेतले. एक हात कुठे ठेवावा ते न सुचून तिने तो पदरात घातला, पुन्हा काढला. तिच्या पायाखालची फरशी दुसरं कुणी पुसतंय, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नसावं. जुई पलंगाखालून आरपार गेली, भिंतीला हात लावून परतली आणि पुढच्या पट्टीवर सरकली. "कोपरा राहिला बघ," आई म्हणाली, पण पुटपुटल्यासारखं. फरशी पंख्याखाली लगेच वाळली. आई तरी तशीच पाय वर घेऊन बसून होती, खाली ठेवू का म्हणून कधी माझ्याकडे, कधी जुईकडे बघत.